ऋषिकेशच्या आधीची मुंबई

बीटल्स आणि भारत म्हटले की आपल्यापुढे एकच चित्र उभे राहते. फेब्रुवारी १९६८, ऋषिकेश, गंगेकाठचा आश्रम, गळ्यात हार घातलेले चार तरुण आणि मधोमध महर्षी महेश योगी. या मुक्कामावर पुस्तके झाली, माहितीपट झाले. आश्रमाचे पडके अवशेष आता तिकीट काढून पाहता येतात. पण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी या चौघांपैकी एक जण मुंबईच्या फोर्ट भागात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एका कचेरीच्या इमारतीत येऊन काम करत होता, याची आठवण कुठेच निघत नाही. त्याच्याबरोबर सनई, संतूर, बासरी, सुरबहार, तारशहनाई वाजवणारे मुंबईतले वादक बसले होते. जॉर्ज हॅरिसनच्या 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमचा मोठा भाग तिथे ध्वनिमुद्रित झाला.

बीटल्सपैकी कुणाच्या एकट्याच्या नावावर निघालेला हा पहिला अल्बम. बीटल्सनी स्वतःची 'अ‍ॅपल' ही कंपनी काढली, तिचीही ही पहिली एलपी. इंग्लंडमध्ये ती १ नोव्हेंबर १९६८ रोजी बाजारात आली आणि तीनच आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, बीटल्सचा प्रचंड 'व्हाइट अल्बम' आला. त्यापुढे एका बिनगाण्यांच्या चित्रपट-संगीताकडे कोण बघणार? इंग्लंडच्या विक्रीयादीत या रेकॉर्डला जागाच मिळाली नाही. अमेरिकेत ती ४९व्या क्रमांकापर्यंत पोहोचली, एवढेच. तेव्हापासून रॉकच्या इतिहासात तिची नोंद तळटीप म्हणून होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने ती तळटीप नाही. मुंबईच्या वादकांनी मुंबईत घडवलेल्या संगीताचा तो एक ठसठशीत नमुना आहे आणि आपण त्यावर हक्क सांगायला हवा.

आधी चित्रपटाविषयी थोडेसे. जो मॅसो या दिग्दर्शकाचा 'वंडरवॉल' मे १९६८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. एक एकाकी, वयस्कर शास्त्रज्ञ आपल्या खोलीच्या भिंतीतल्या भोकातून शेजारच्या तरुण मॉडेलचे रंगीबेरंगी जग पाहत राहतो, अशी त्याची गोष्ट. जॅक मॅकगौरन आणि जेन बर्किन यांनी या भूमिका केल्या. चित्रपटात संवाद फार थोडे आहेत. बोलायचे ते संगीतानेच. मॅसोने हॅरिसनला पूर्ण मोकळीक दिली आणि हॅरिसनने ती संधी ओळखली. भारतीय संगीताची वेगवेगळी रूपे छोट्या छोट्या तुकड्यांतून पाश्चात्त्य श्रोत्यांच्या कानावर घालायची, असे त्याने ठरवले. त्याने पुढे मुलाखतींमधून हा हेतू उघडपणे सांगितला आहे.

हे एकाएकी डोक्यात आलेले खूळ नव्हते. १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड'मध्ये त्याने सतार वाजवली तेव्हा ती त्याला धड धरताही येत नव्हती. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पंडित रविशंकर यांच्याकडे शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला. बातमी फुटली, हॉटेलाखाली गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि अखेर गुरू-शिष्यांना काश्मीर गाठावे लागले. त्या दिवसांत रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनीही त्याला शिकवले. बीटल्सच्या आधीच्या भारतीय वळणाच्या गाण्यांसाठी हॅरिसनने लंडनमधलेच भारतीय वादक बोलावले होते. 'वंडरवॉल'च्या वेळी मात्र तो थेट मुंबईत आला. शंभू दास यांनी वादक जमवायला मदत केली आणि स्वतःही सतार घेऊन बसले.

एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा फोर्टमधला तो स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता. ध्वनिरोधनाची अवस्था यथातथाच. हॅरिसनने नंतर आठवण सांगितली आहे की संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांच्या पावलांच्या आवाजामुळे ध्वनिमुद्रण थांबवावे लागायचे. खाली रस्त्यावरची वाहने होतीच. स्टुडिओत मोनो ध्वनिमुद्रणाचीच सोय होती. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले म्हणून हे काम स्टिरिओत होऊ शकले. हेच मेनन पुढे जगभरच्या ईएमआय संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले.

दोन ट्रॅकवर काम करणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागेल. आज एखादा वादक घरी बसून आपला भाग पाठवतो, चुकला तर तेवढाच तुकडा बदलता येतो. तिथे सगळे एका खोलीत, एका वेळी वाजवणार. एकाचा सूर हलला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. त्यातून हॅरिसनजवळ चित्रपटातल्या प्रसंगांच्या वेळा होत्या. लंडनमध्ये पडद्यासमोर स्टॉपवॉच घेऊन बसून त्याने प्रत्येक प्रसंगाची लांबी टिपून आणली होती. म्हणजे रागाचे वातावरण उभे करायचे, पण ते मिनिट-दोन मिनिटांत. ज्या संगीताला आलापापासून झाल्यापर्यंत तास लागतो, त्याच्यातून एक मिनिटाचा अर्क काढायचा.

मुंबईच्या वादकांना हे कसब येत होते, कारण हे शहर चित्रपटांचे होते. शिवकुमार शर्मा यांचे संतूर व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्येच वाजले होते. दिवसा रेकॉर्डिंग आणि रात्री मैफल, असे आयुष्य तेव्हाचे कित्येक गुणी वादक जगत होते. पडद्यावर नायिका वळून पाहते तेवढ्यात बासरीचा एक स्वर बरोब्बर कसा ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते. लंडनच्या कोणत्याही स्टुडिओत हे दुहेरी शिक्षण झालेली इतकी माणसे एकत्र मिळाली नसती. या अल्बमचे श्रेय वाटताना ही गोष्ट सगळ्यात आधी मोजली पाहिजे आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही.

आता ती नावे. संतूरवर शिवकुमार शर्मा, सुरबहारवर चंद्रशेखर नारिंगरेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य, तबल्यावर शंकर घोष, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड. सनईवर शरद आणि हनुमान या दोघांची नावे आहेत. सरोदवादक आशिष खाँ आणि तबला-पखवाजाचे महापुरुष मिश्र यांचाही अल्बममध्ये मोठा वाटा आहे. ज्यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले ते शिवकुमारजी सोडले, तर मराठी संगीतविषयक लेखनात या यादीतल्या किती जणांचा पत्ता लागतो? नारिंगरे हे देवगड तालुक्यातले गाव. केंकरे हे आडनाव गोवा-कोकणात घरोघरी ओळखीचे. सनईच्या जोडीचे आडनाव कव्हरवर इंग्रजीत 'जदेव' असे छापले आहे. मराठी कानाला तिथे 'जाधव'च ऐकू येते.

कव्हरवरची ही गफलत एकटी नाही. नारिंगरेकरांचे आडनावच तिथे नाही, नुसते चंद्रशेखर आहे. शर्मांच्या आडनावाचेही स्पेलिंग बिघडले आहे. तरीही एक गोष्ट हॅरिसनच्या बाजूने ठामपणे सांगितली पाहिजे. या वादकांची नावे त्याने वाद्यांसकट छापली. त्याच अल्बममध्ये लंडनच्या तुकड्यांत एरिक क्लॅप्टनने गिटार आणि रिंगो स्टारने ड्रम वाजवले आहेत, त्यांची नावे मात्र कव्हरवर नाहीत. जगप्रसिद्ध मित्र लपवले आणि मुंबईचे वादक छापले! पुढे घडले ते उलटेच. या अल्बमवर कुणी दोन ओळी लिहिल्या तरी त्यातली एक क्लॅप्टनवर खर्च होते आणि नारिंगरेकर, केंकरे 'काही भारतीय वादक' या तीन शब्दांत संपतात. जो मान १९६८च्या कव्हरने दिला, तो नंतरच्या लेखकांनी काढून घेतला.

पण नुसत्या नावांसाठी एखादी रेकॉर्ड ऐकावी असे नाही. संगीत चांगले आहे म्हणून ऐकावी.

अल्बम 'मायक्रोब्स' या तुकड्याने उघडतो आणि उघडतो तो सनईने. लग्नमंडपातली मंगल सनई ही नव्हे. संथ, ओढलेले, किंचित दुखरे स्वर. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे एकटेपण सनईतून सांगावे, हे धाडस मोठे आहे. आपल्या चित्रपटांनी सनईला लग्न आणि पाठवणीपुरते बांधून टाकले होते. हॅरिसनच्या कानावर ते संस्कार नव्हते. त्याने तिच्यातला निव्वळ स्वर ऐकला आणि त्या दोन वादकांनी तो पुरा केला.

'इन द पार्क' हा या अल्बममधला सगळ्यात देखणा भारतीय तुकडा. सुरबहारचा खर्ज, त्यावर संतुराचे थेंब आणि खाली तबलातरंग. तबलातरंग आज फारसे ऐकायलाही मिळत नाही. वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या तबल्यांचा अर्धवर्तुळाकार संच मांडून त्यावर धून वाजवायची, असे ते वाद्य. त्याचे इतके स्वच्छ ध्वनिमुद्रण एका इंग्रज पॉपगायकाच्या अल्बममध्ये सापडावे, ही आपण सांभाळून ठेवण्याजोगी गोष्ट आहे. 'तबला अँड पखवाज' मिनिटभराचा आहे, पण बंद आणि खुल्या बोलांचा फरक नवख्या श्रोत्याला तेवढ्यात कळतो. 'क्राइंग'मध्ये विनायक व्होरांची तारशहनाई एकटीच रडते. इसराजाला कर्णा जोडून केलेले हे वाद्य माणसाच्या आवाजाच्या इतके जवळ जाते की तुकड्याला वेगळ्या नावाची गरजच उरत नाही. 'गत किरवाणी' ही सरळ द्रुत गत आहे. तिला कोणताही पाश्चात्त्य मुलामा नाही आणि तेच तिचे बळ.

सगळेच सारख्या उंचीचे आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. लंडनमध्ये रेमो फोर या बँडबरोबर केलेले काही तुकडे चित्रपटाबाहेर काढले की पोकळ वाटतात. 'काउबॉय म्युझिक' नावाप्रमाणेच आहे, त्यापलीकडे काही नाही. 'ड्रीम सीन'ची गोष्ट वेगळी. उलटी फिरवलेली टेप, भारतीय गळे, बासरी, सायरन असे एकावर एक रचून त्याने सुमारे साडेपाच मिनिटांचा जो स्वप्नगोंधळ उभा केला, तो 'व्हाइट अल्बम'मधल्या लेननच्या गाजलेल्या 'रेव्होल्यूशन नाइन'च्या आधीचा आहे. या प्रयोगाचे श्रेय लेननला भरभरून मिळाले आणि हॅरिसनला फारसे नाही.

अल्बमची मांडणीही विचारपूर्वक केलेली दिसते. मुंबईचा तुकडा, मग लंडनचा, पुन्हा मुंबईचा. दोन्ही संगीतांची खिचडी फार थोड्या ठिकाणी आहे. हॅरिसन बहुतेक वेळा भारतीय वाद्यांना भारतीयच राहू देतो आणि गिटारला गिटार. शेजारी शेजारी ठेवून श्रोत्याला भिंतीच्या अलीकडून पलीकडे नेतो. पुढच्या काळात 'फ्यूजन' या नावाखाली तबल्याला ड्रमच्या मागे फरफटत नेणारे जे ढीगभर संगीत आले, त्याच्या तुलनेत हा संयम फार मोलाचा आहे. रॉकवाल्यांनी आपली वाद्ये अगरबत्तीसारखी वातावरणापुरती वापरली, हा आक्षेप पुष्कळांच्या बाबतीत खरा आहे. इथे तो लागू पडत नाही. इथे वादक स्वतःची भाषा बोलतात आणि संगीतकार त्यांना बोलू देतो.

ही भाषा ओळखणारे कान मुंबईबाहेरही आहेत. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, हरसूलच्या डोंगराळ पट्ट्यात हा अल्बम लावला तर काय होईल? 'मायक्रोब्स'मधली सनई तिथे परकी वाटणार नाही. हरसूल, पेठ, मोखाडा, जव्हार या भागात बोहाड्याच्या रात्री मुखवटे घातलेली सोंगे नाचतात ती संबळ आणि पिपाणीवर. पिपाणीही पत्तीतून फुंकायची, सनईच्याच कुळातली. तोच चिरत जाणारा स्वर, तोच दम. पावरी आणि तारप्याच्या प्रदेशातल्या कानाला फुंकवाद्याचा लांबवलेला श्वास कुणी समजावून सांगावा लागत नाही. आणि इथेच दुसरी गोष्टही लख्ख दिसते. बोहाड्यातल्या सोंगांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांची छायाचित्रे छापून येतात, मोबाइलवरचे व्हिडिओ गावोगाव फिरतात. रात्रभर गाल फुगवून पिपाणी वाजवणाऱ्याचे नाव त्या छायाचित्राखाली नसते. फोर्टमधल्या सनईवाल्यांच्या आडनावाचे जे झाले, ते इथे नावासकट होते. वादकाचे नाव लिहून ठेवण्याची सवयच आपल्याला लागलेली नाही.

फोर्टमधल्या त्या मुक्कामाचे आणखी एक फळ आहे आणि त्याला तर तळटीप म्हणताच येणार नाही. चित्रपटाचे काम उरकल्यावर हॅरिसनने त्याच स्टुडिओत काही धून जास्तीच्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांपैकी एक पुढे 'दि इनर लाइट' झाली. हरिप्रसाद चौरसियांची बासरी त्यात आहे. जे. पी. सेन आणि एस. एन. गुप्ता हे त्या ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ. शब्द 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथाच्या आधारे लिहिलेले आणि ते लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत गायलेले. एवढ्या वरच्या पट्टीत आपल्याला गाता येईल का, अशी शंका हॅरिसनला होती. लेनन आणि मॅकार्टनी यांनी त्याला धीर दिला. १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला हे गाणे प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. बीटल्सच्या सगळ्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणांत युरोपबाहेर झालेले हे एकमेव. लंडनची अ‍ॅबी रोड जगाला पाठ आहे, तिथल्या झेब्रा क्रॉसिंगवर माणसे फोटो काढतात. फिरोजशहा मेहता रस्त्यावर मुंबईकरांनी साधी पाटीही लावलेली नाही.

ऋषिकेशला बीटल्सनी गाणी लिहिली, हे खरे. पण तिथले वातावरण सोडले तर त्या गाण्यांत भारतीय माणसाचा हात नाही. मुंबईत हात आहे, श्वास आहे, रियाज आहे. आपण मात्र उत्सव केला तो पाहुण्यांच्या ध्यानाचा. आपल्या वादकांच्या कामाचा उत्सव राहून गेला. हा अग्रक्रम चुकीचा आहे.

यावर कुणी म्हणेल की वादकांनी ठरलेले मानधन घेऊन काम केले, विषय संपला. व्यवहार म्हणून संपला असेल, संगीत म्हणून संपला नाही. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' याच सुमाराचा. त्याला आपण अभिजात म्हणतो आणि ते योग्यच आहे. त्यातल्या शिवकुमार आणि हरिप्रसाद या दोघा तरुणांचे, एचएमव्हीशीच बांधलेले, त्याच काळातले दुसरे काम ऐकायचेच नाही, याला काय म्हणावे? शिवाय या ओळखीतून पुढे बरेच काही उगवले. १९७४ मध्ये हॅरिसनने रविशंकरांच्या 'म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया'चा युरोप दौरा उभा केला, तेव्हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या त्या वाद्यवृंदात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि रिजराम देसाड होते. हॅरिसननेही मुंबईचा मुक्काम खर्चाच्या खात्यात टाकून विसरून जाण्याजोगा मानला नाही. चित्रपटाच्या संगीतासाठी ६०० पौंड ठरले होते. काम १५,००० पौंडांवर गेले आणि वरचा भार त्याने स्वतः उचलला.

कव्हरवरच्या चित्राची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. बॉब गिल या चित्रकाराने डोक्यावर बोलर हॅट घातलेला एक माणूस आणि त्याला पलीकडच्या स्नान करणाऱ्या स्त्रियांपासून तोडणारी विटांची भिंत रंगवली. हॅरिसनने त्यातली एक वीट काढायला लावली. त्या माणसाला पलीकडचे दिसायला निदान फट तरी हवी, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९९५ मध्ये 'ओॲसिस' या बँडने आपल्या गाण्याला 'वंडरवॉल' हे नाव याच अल्बमवरून दिले. ते गाणे आज कॉलेजातल्या प्रत्येक गिटारवाल्याला येते. ज्या रेकॉर्डवरून ते नाव आले ती त्यातल्या फारच थोड्यांनी ऐकलेली असते.

करायचे काय, तेही अवघड नाही. एचएमव्हीचा वारसा आज 'सारेगामा'कडे आहे. मुंबईच्या स्टुडिओतल्या जुन्या नोंदवह्यांतून कोणत्या दिवशी कोण वाजवायला होते एवढे जरी शोधून प्रसिद्ध केले, तरी 'वंडरवॉल'च नव्हे, शेकडो भावगीते, नाट्यगीते आणि लोकगीते यांमागच्या वादकांना नावे मिळतील. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी नारिंगरेकर आणि केंकरे यांच्यावर काम करायला विद्यार्थी लावावेत. त्यांचे शिष्य आणि कुटुंबीय बोलू शकतात तोवर हे व्हावे. मराठी संगीतकोशांच्या पुढच्या आवृत्तीत सनईच्या नोंदीत पुण्याच्या शंकरराव गायकवाडांच्या खाली शरद आणि हनुमान यांच्यासाठी दोन ओळी असाव्यात. आणि हरसूल-मोखाड्याच्या बोहाड्याचा व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणांनी या वर्षीपासून सोंगाच्या नावाबरोबर पिपाणीवाल्याचे आणि संबळवाल्याचे नाव, गाव लिहावे. त्याला अनुदान लागत नाही.

ज्यांना अल्बम ऐकायचा आहे त्यांनी २०१४ची आवृत्ती शोधावी. तिच्यात 'दि इनर लाइट'चा शब्दांविना केलेला वेगळा टेक आहे आणि 'ऑलमोस्ट शंकरा' हा आधी प्रसिद्ध न झालेला तुकडाही. सुरुवात 'इन द पार्क'पासून करावी, मग 'क्राइंग', मग 'गत किरवाणी'. 'मायक्रोब्स' त्यानंतर ऐकावा, शक्यतो हेडफोनवर, कारण दोन सनया कुठे जुळतात आणि कुठे जाणूनबुजून वेगळ्या होतात हे तेव्हाच नीट कळते. लंडनचे तुकडे पहिल्या फेरीत गाळले तरी चालतील.